गुळवेलीला एक क्रमांक द्या

1. दादर पश्चिमेच्या एखाद्या मोठ्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात जाऊन नुसते "गुळवेल द्या" म्हणून पाहा. समोरून प्रश्न येईल, "चूर्ण, सत्त्व, घनवटी, रस की कॅप्सूल?" चूर्ण म्हणजे वाळलेल्या खोडाची पूड. सत्त्व म्हणजे ओले खोड ठेचून पाण्यात कालवल्यावर तळाशी बसणारा पांढरा साका, तो बहुतेक स्टार्चच. घनवटी काढा आटवून वळतात. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, पण तो पाण्यात काढलाय की अल्कोहोलमध्ये, हे डबीवर लिहिलेले असेलच असे नाही. या वस्तूंत रसायने वेगळी, त्यांचे प्रमाण वेगळे. डॉक्टरांच्या केसपेपरवर मात्र एकच शब्द येतो, गुळवेल. तोही रुग्णाने आठवणीने सांगितला तर.

2. सरकारदरबारीही या वेलीचे दोन संसार आहेत. घनवटी औषध ठरते, म्हणून तिला 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदिक परवाना लागतो. त्याच वेलीची कॅप्सूल 'पूरक आहार' म्हणून विकली की ती अन्न. मग तिच्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक येतो आणि तिला 2016 चे न्यूट्रास्युटिकल नियम लागू होतात. त्या नियमांच्या परिशिष्टात वनस्पती, तिचा वापरायचा भाग आणि रोजचे प्रमाण अशी यादी आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियातही वनस्पती, भाग आणि मात्रा आहेच. दोन्ही याद्या सरकारीच, पण डबी हातात घेऊन एका यादीतून दुसरीत जायची सोय ग्राहकाला नाही आणि फॅमिली डॉक्टरलाही नाही. महाराष्ट्रात या दोन्ही बाजूंवर नजर ठेवणारे खाते मात्र एकच आहे, अन्न व औषध प्रशासन.

3. या गोंधळाची किंमत काय, ते मुंबईने पाहिले आहे. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळत होते. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या यकृततज्ज्ञांसमोर आले. सगळ्यांनी गुळवेल घेतल्याचे सांगितले होते. पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयातल्या डॉक्टरांचा यात पुढाकार होता. त्यांचा लेख 2021 मध्ये छापून आला आणि जुलैमध्ये आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतली ती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच, हे कशावरून? दिसायला तशाच असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या दुसऱ्या वेली आहेत, त्यांतली एखादी नसेल कशावरून? डॉक्टरांनी वनस्पतीची तपासणी केलीच नाही, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. पुढे 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला, तरी वाद मिटला नाही.

मंत्रालयाचा प्रश्न रास्त होता, हे मी मान्य करतो. पण तो एकट्या डॉक्टरांनाच का विचारायचा? विकलेल्या मालाची ओळख पटवणे हे विकणाऱ्याचे आणि परवाना देणाऱ्याचे काम. आजारी माणसाच्या घरी उरलेल्या पुरचुंडीवरून ते डॉक्टरांनी करायचे, ही उलटी तऱ्हा झाली.

4. याच वेलीवर परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांनी वर्षानुवर्षे काम केले. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिल्याने फायदा होतो, असा त्यांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. परळमध्ये यकृताच्या रुग्णांना आधार देणारी वेल पेडर रोडवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. फरक वेलीच्या जातीत असेल, अर्काच्या पद्धतीत, मात्रेत किंवा रुग्णाच्या प्रकृतीत. तो शोधायचा तर दोन्हीकडच्या नोंदी एकाच मापाने झालेल्या हव्यात.

5. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक घटकाला एकच क्रमांक द्यावा. त्यात शास्त्रीय नाव, वनस्पतीचा भाग, तो कोणत्या रूपात आहे आणि अर्क कशात काढला, एवढे यावे. भाग किती महत्त्वाचा, ते आयुष मंत्रालयानेच ऑक्टोबर 2021 मध्ये अश्वगंधेची पाने वापरू नका असे उत्पादकांना बजावून दाखवून दिले. हाच क्रमांक अन्नाच्या परवान्यावर, आयुर्वेदिक परवान्यावर आणि दुष्परिणामाच्या अर्जावर असावा. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था 2013 पासून पूरक आहाराच्या डब्यांवरची लेबले एका खुल्या माहितीकोशात साठवते आहे. आज तिथे दोन लाखांहून अधिक लेबले आहेत. तिथल्या औषध प्रशासनाचे घटकांसाठी स्वतंत्र संकेतांकही आहेत. तिकडचे सगळे आलबेल आहे असे नाही. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' या गोंडस नावाखाली प्रत्येक घटकाचे वजन झाकायला तिथला कायदा परवानगी देतो. लालबागच्या जिममधल्या पोरांनी परदेशी डबा घेताना मागची ती ओळ वाचावी.

6. लहान काष्ठौषधीवाला या क्रमांकाच्या सक्तीत भरडला जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून सुरुवात कारखान्यातून सीलबंद निघणाऱ्या मालापासून करावी, सुट्या चूर्णाला मुदत द्यावी. आयुर्वेदाची बदनामी होईल, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. भेसळीचा दोष अस्सल गुळवेलीच्या माथी येऊ नये, यात वैद्यांचेच हित आहे.

7. दुष्परिणाम कळवायचेही दोन दरवाजे आहेत. आधुनिक औषधांचे गाझियाबादच्या केंद्राकडे जातात, आयुर्वेदिक औषधांचे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे. पूरक आहाराची कॅप्सूल घेऊन डोळे पिवळे झालेल्या माणसाने कुठला दरवाजा ठोठावायचा?

8. एका क्रमांकाने ही सगळी जोडणी होईल तेव्हा होईल. तोवर एवढे करा. काढा असो, कॅप्सूल असो की जिमचा डबा, संपेपर्यंत वेष्टन फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या आणि त्यावरचे नाव व बॅच क्रमांक केसपेपरवर लिहायला लावा. काही त्रास झालाच, तर दुष्परिणाम कळवायचा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे 1800-180-3024.