खर्गेसाहेब, मतदारयादी भिंतीवर लावा

माननीय मल्लिकार्जुन खर्गेसाहेब,
अध्यक्ष, अखिल भारतीय काँग्रेस कमिटी, नवी दिल्ली



पत्र मराठीत लिहिते आहे. तुमचा जन्म बिदर जिल्ह्यातल्या वरवट्टीचा. महाराष्ट्राचे प्रभारी होतात तेव्हा तुमची मराठी भाषणं आम्ही इथे उज्जैनमध्ये मोबाइलवर ऐकली आहेत. आम्हीही महाराष्ट्राबाहेरचेच मराठी, शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात येऊन स्थिरावलेल्या घरांपैकी. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की माळवी-हिंदी. पक्षाच्या बैठकीत मी हिंदीत बोलते. पण मनातलं बोलायचं आहे, म्हणून आज मराठीत.

२०२२च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी शशी थरूर यांच्या बाजूची होते. मला मत नव्हतं. आमच्या बूथवर माझ्यासोबत बसणाऱ्या कुणालाच नव्हतं. तरीही त्या महिनाभर आम्ही जे भांडलो, ते तुमच्यापर्यंत पोचलं नसणार.

आधी सगळ्यांच्या तोंडी अशोक गेहलोत यांचं नाव होतं. २५ सप्टेंबरला जयपूरमध्ये त्यांच्या आमदारांनी जे बंड केलं, त्यानंतर ते मागे पडलं. मग दिग्विजय सिंहांनी अर्ज नेला आणि इथल्या लोकांना हुरूप आला, आपल्या राज्याचा माणूस म्हणून. ३० सप्टेंबरला ते तुमच्यासाठी बाजूला झाले आणि एका संध्याकाळीत शब्द फिरले. ‘निवडणूक’ हा शब्द जाऊन ‘अधिकृत उमेदवार’ आला. तुम्ही स्वतः सांगत होतात की मी कुणाचा अधिकृत उमेदवार नाही. पण राज्याराज्यांतले प्रदेशाध्यक्ष तुमच्या स्वागताला उभे राहत होते आणि थरूरांच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. त्यातून कार्यकर्त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. आमच्या राज्याची गोष्ट मात्र अभिमानाने सांगते. मतदानाच्या तोंडावर थरूर भोपाळला आले, तेव्हा प्रदेश कार्यालयात त्यांचं नीट स्वागत झालं आणि त्यांनी ते उघडपणे वाखाणलं.

इकडे उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत एकच विषय. तुमच्या बाजूचे म्हणायचे, १९६९मध्ये गुलबर्गा शहर काँग्रेसचा अध्यक्ष झालेला, सलग नऊ वेळा विधानसभा जिंकलेला, दलित घरातून आलेला माणूस; याहून मोठा कार्यकर्ता कोण? खरं होतं ते. मी म्हणायचे, पक्षाच्या आतली रचना बदलायला हवी असं उघड बोलायला एक माणूस उभा राहिला आहे, त्याचं ऐकून तर घ्या. त्यावर एका बैठकीत एका ज्येष्ठाने मला सगळ्यांसमोर विचारलं, “ताई, तुम्ही त्यांच्या तर नाही ना?” ‘त्यांच्या’ म्हणजे भाजपच्या. आयुष्यभर ज्या पक्षाच्या पर्च्या घरोघर वाटल्या, त्याच पक्षातल्या एका उमेदवाराचं नाव घेतल्यावर हा प्रश्न येतो, हे मला आजही सहन होत नाही. असा प्रश्न देशभर किती जणांना विचारला गेला असेल!

१७ ऑक्टोबरला मतदान झालं, १९ला मोजणी. तुम्हाला ७,८९७ मतं, थरूरांना १,०७२, बाद ४१६. निकालानंतर थरूर तुमच्या घरी येऊन अभिनंदन करून गेले. त्या फोटोने आमच्या ग्रुपवरची भांडणं थांबवली. तुमच्या विजयाबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. सगळ्या सभासदांचं मत घेतलं असतं तरी कदाचित तुम्हीच जिंकला असतात. पुढे थरूरांचे आणि पक्षाचे किती खटके उडाले, त्याच्याशीही या पत्राचा संबंध नाही. मला बोलायचं आहे ते त्या मतदारयादीबद्दल.

प्रदेश प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, ही मतदार मंडळी. देशभरात नऊ हजारांच्या वर. यादी जाहीर करा, असं पक्षाच्याच पाच खासदारांनी निवडणूक प्राधिकरणाचे अध्यक्ष मधुसूदन मिस्त्री यांना लिहिलं होतं. उत्तर आलं, उमेदवारांना ती पाहायला मिळेल. आणि सभासदाला? आमच्या ब्लॉकचा डेलिगेट कोण हे मी विचारलं तेव्हा एकाने एक नाव सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. ज्याने माझ्या वतीने अध्यक्ष निवडायचा, तो कोण हेच मला ठाऊक नसेल, तर त्याच्याकडे मी कुणाच्या नावाचा आग्रह धरायचा?

पूर्वी असं नव्हतं. १९२०च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. चार आणे भरले की सभासद, आणि गाव, तालुका, जिल्हा, प्रांत अशी खालून वर चढणारी रचना. चार आण्यांत शेतकरी आला, विणकर आला, बायका आल्या. त्या पायावर उभ्या असलेल्या पक्षात जानेवारी १९३९मध्ये सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी हरवलं. खुद्द गांधीजींचा कल दुसरीकडे असताना! त्यानंतरचं त्रिपुरीचं अधिवेशन आमच्याच राज्यात, जबलपूरजवळ झालं. पुढे सुभाषबाबूंना जो राजीनामा द्यावा लागला, तो इतिहास दुःखाचा आहे, पण मत मोजलं गेलं होतं. १९५०मध्ये टंडन, कृपलानी आणि आपले शंकरराव देव अशी तिहेरी लढत झाली. टंडन १,३०६, कृपलानी १,०९२, देव २०२. देशाचे पंतप्रधान टंडनांच्या बाजूचे नव्हते, तरी टंडन निवडून आले. त्यानंतरचे आकडे बघा. १९९७मध्ये सीताराम केसरींना ६,२२४, शरद पवारांना ८८२, राजेश पायलट यांना ३५४. २०००मध्ये सोनियाजींना ७,४४८, जितेंद्र प्रसादांना ९४. नेते मोठे होते म्हणून एवढा फरक पडला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. डेलिगेट कोण होणार हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात निकाल गेला, म्हणून हा फरक.

पक्षाने दुसरा रस्ता एकदा करून पाहिला होता आणि तो आमच्या दारावरून गेला. २०१४च्या लोकसभेपूर्वी राहुलजींनी अमेरिकेतल्या प्रायमरीसारखी उमेदवार निवडण्याची पद्धत देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत आणली. मध्य प्रदेशात इंदूर आणि मंदसौर, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. इंदूर इथून तासाभराच्या रस्त्यावर. मंदसौरच्या उमेदवार मीनाक्षी नटराजन आमच्या जिल्ह्यातल्या नागद्याच्या. आम्हाला वाटलं, पुढची पाळी उज्जैनची. चारही ठिकाणी आपण हरलो. इंदूरला सुमित्राताई महाजन आठव्यांदा निवडून आल्या. वर्ध्यात निवडलेले सागर मेघे त्याच वर्षी भाजपमध्ये गेले. बडोद्यात तर प्रायमरी जिंकलेले नरेंद्र रावत बाजूला झाले आणि तिकीट मधुसूदन मिस्त्रींना मिळालं, कारण समोर मोदीजी आले होते. प्रयोग फसला, असं सगळे म्हणाले आणि तो गुंडाळला गेला.

तो फसला, कारण त्यातही मत पदाधिकाऱ्यांचंच होतं, बूथवरच्या माणसाचं नव्हतं. आणि जिथे त्यांनी निवडलं तिथेही, बडोद्यासारखं, वरून बदलता येत होतं. दहा वर्षं चालू दिला असता तर त्याचे दोष कळले असते आणि सुधारले असते. लोकसभेच्या लाटेत बुडालेल्या निवडणुकीवरून त्याचा निकाल लावणं मला पटत नाही.

न विचारता तिकीट दिल्यावर काय होतं, ते आमच्या जिल्ह्यात येऊन पाहा. महिदपूरला २०१८मध्ये दिनेश जैन बोस यांना तिकीट नाकारलं गेलं. ते अपक्ष उभे राहिले, अधिकृत उमेदवाराच्या पुढे गेले आणि जागा भाजपला गेली. २०२३मध्ये त्यांनाच तिकीट दिलं, ते २९० मतांनी निवडून आले. पाच वर्षं उशिरा! त्याच २०२३मध्ये बडनगरला आधी राजेंद्रसिंह सोळंकींचं नाव जाहीर झालं, मग ते बदलून मुरली मोरवाल यांना दिलं. सोळंकी अपक्ष लढले, भाजपचे जितेंद्र पंड्या निवडून आले. ज्या कार्यकर्त्यांनी पहिल्या यादीनंतर पेढे वाटले, त्यांना दुसऱ्या यादीनंतर त्याच गल्लीत तोंड दाखवायचं होतं. जिल्ह्यातल्या सात जागांपैकी आपल्याकडे दोन उरल्या, तराना आणि महिदपूर. दक्षिण उज्जैनचे मोहन यादव त्याच निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले.

२०२५मध्ये संगठन सृजन अभियान आलं. निरीक्षक जिल्ह्यात फिरले, आमच्यासारख्यांशी बोलले, वहीत लिहून घेतलं. ऑगस्टमध्ये ७१ जिल्हाध्यक्षांची यादी आली, उज्जैन ग्रामीणसाठी आमदार महेश परमार यांचं नाव. ते लढवय्ये आहेत. २०२२मध्ये महापौरपद हजाराहून कमी मतांनी हुकलं, तेव्हा त्यांच्यासाठी मीही रात्री जागले होते. पण त्या वह्यांत कुणाला किती जणांनी पसंती दिली, हे कुणी सांगितलं नाही. मत विचारायचं आणि मोजायचं नाही, यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तेव्हा अनेकांनी मला बोलून दाखवलं.

साहेब, आता थोडं कठोर लिहिते. तुम्ही ऑक्टोबर २०२२मध्ये मतपेटीतून अध्यक्ष झालात. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३मध्ये, रायपूरच्या अधिवेशनात ठरलं की कार्यसमितीची निवडणूक होणार नाही, सगळी नावं अध्यक्ष ठरवतील. पक्षाच्या घटनेत निवडून यायच्या जागा आहेत. १९९७मध्ये कोलकात्याला त्यांच्यासाठी शेवटचं मतदान झालं होतं. तुम्ही थरूरांना कार्यसमितीत घेतलंत, तो तुमच्या मनाचा मोठेपणा. पण कुणाच्या मोठेपणामुळे मिळालेली जागा आणि मतांनी मिळालेली जागा, यांत बसणाऱ्याच्या आवाजात फरक पडतो.

निवडणूक झाली की पक्ष फुटतो, ही भीती मी खूप ऐकली आहे. २००८मध्ये अमेरिकेत ओबामा आणि हिलरी क्लिंटन जानेवारीपासून जूनपर्यंत एकमेकांविरुद्ध लढले. समर्थक एकमेकांची तोंडं पाहत नव्हते. पुढच्या वर्षी हिलरी ओबामांच्या परराष्ट्रमंत्री होत्या. त्यांच्याकडे राज्याराज्यांत साधे मतदार रांगेत उभे राहून उमेदवार ठरवतात, त्यामुळे हरलेल्या बाजूला ‘आम्हाला विचारलं नाही’ म्हणता आलं नाही. आमच्याकडे फुटतात ते बहुतेक न विचारल्यामुळेच.

सभासदही चुकतात, हे मला मान्य आहे. २०२२च्याच सप्टेंबरात ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सभासदांनी ऋषी सुनक यांना डावलून लिझ ट्रस यांना निवडलं आणि दोन महिन्यांच्या आत ट्रस यांना जावं लागलं. आमच्या युवक काँग्रेसमध्ये थेट सभासदांचं मतदान आहे. त्यातही बोगस सभासद केल्याच्या तक्रारी होतात, पैशावाल्यांची मुलं पुढे जातात. पण त्या तक्रारी करता येतात, कारण यादी असते, आकडा असतो, अपील असतं. डेलिगेटच्या बाबतीत तक्रार करायलाही कागद हातात नाही.

अध्यक्षपदाची पाच वर्षांची मुदत २०२७मध्ये संपते. पुढच्याच वर्षी, २०२८मध्ये, इथे सिंहस्थ आहे आणि त्याच वर्षाच्या शेवटी विधानसभा. उमेदवारांच्या नावांवरून पुन्हा तेच वातावरण होणार आहे. त्याआधी माझी मागणी आहे की प्रत्येक ब्लॉकचा डेलिगेट त्या ब्लॉकच्या सभासदांनी गुप्त मतदानाने निवडावा. ही यादी जिल्हा कार्यालयाच्या भिंतीवर आणि पक्षाच्या संकेतस्थळावर निवडणुकीच्या तीन महिने आधी लागावी, म्हणजे नावांवर हरकत घेता येईल. अध्यक्षपदाला दोघे उभे राहिले तर दोघांनाही प्रत्येक प्रदेश कार्यालयात सारखा वेळ, सारखी खुर्ची मिळावी, आणि मोजणी राज्यवार जाहीर व्हावी. कार्यसमितीच्या निवडून यायच्या जागांसाठी मतदान घ्यावं. आणि हे सगळं करताना ज्याने हरणाऱ्याचं नाव घेतलं, त्याला पुढच्या तिकिटाच्या वेळी ते मोजून दाखवलं जाऊ नये, याची हमी तुम्ही स्वतः, तुमच्या सहीच्या पत्राने द्यावी.

सगळ्या सभासदांना थेट मत ही माझी खरी इच्छा आहे. ती एकदम होणार नाही, हे कळतं. वरच्या गोष्टींना मात्र घटना बदलावी लागत नाही. तुमची सही पुरते.

तुम्ही १९६९मध्ये एका शहराचे अध्यक्ष होतात. त्या वेळी तुमच्या हाताखालच्या एखाद्या बूथवरच्या बाईने विचारलं असतं की दिल्लीच्या निवडणुकीत माझं मत कुठे आहे, तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं? ते उत्तर मला पाठवा. २०२७ला तुम्ही पुन्हा उभे राहिलात आणि यादी भिंतीवर असली, तर मी तुमच्या विरोधातल्या उमेदवारासाठी प्रचार करेनही. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर २०२८ला आमच्या बूथवर तुमच्या अध्यक्षतेखालच्या पक्षाची पर्ची माझ्याच हातात असेल.

आपली,
उज्जैन शहर काँग्रेसची एक सामान्य सभासद
फ्रीगंज, उज्जैन