पागलखाना चौकाच्या अलीकडे

कोराडीहून नागपुरास जातांना मानकापूर ओलांडलें कीं प्रादेशिक मनोरुग्णालयाचा परिसर लागतो. ही संस्था १८६४ सालची. सरकारदरबारीं तिचें नांव मनोरुग्णालय. परंतु जवळच्या चौकास आबालवृद्ध आजहि ‘पागलखाना चौक’ म्हणतात, आणि बसचा वाहकहि त्याच नांवानें हाक देतो.

आमच्या आळींतील एक मुलगा विद्यापीठांत एम्. एस्सी.च्या वर्गांत आहे. त्याच्या अनुमतीनेंच हें लिहीत आहें. मुलगा हुशार, मितभाषी. लहानपणीं माझ्याकडे शब्दरूपें पाठ करावयास येत असे. गेल्या पावसाळ्यांत त्याची झोप उडाली. पुस्तक उघडून तासन्‌तास तो एकाच पानाकडे पाहत बसे. जेवण निम्म्यावर आलें. त्याच्या आजी जगदंबेस नवस बोलल्या, वडिलांनीं सारा दोष मोबाईलच्या माथीं मारला, आणि पस्तीस वर्षें मुलें शिकविलेल्या मीं त्यास पहाटे उठून पाठांतर करण्याचा उपदेश केला. तिघांत आजीच बऱ्या. त्यांनीं निदान त्यास आळशी तरी म्हटलें नाहीं.

त्याच्या मित्रांस याविषयीं कांहींच ठाऊक नव्हतें असें नव्हे. ‘डिप्रेशन’ हा शब्द हल्लींच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं परीक्षा पुढें ढकलली तरी डिप्रेशन आणि मेसमधील भाजी बिघडली तरी डिप्रेशन! शब्द तोंडीं आला म्हणजे अर्थ कळला असें होत नाहीं, हें भाषा शिकविणाऱ्यास कोणीं सांगावयास नको. उदासपणा किंवा कशांतच रस न वाटणें दोन आठवडे रोज टिकलें, झोप व भूक बिघडली, तर तो आजार असूं शकतो व त्यास उपचार आहे, हें त्या मंडळींपैकीं एकासहि सांगतां येईना. त्यांच्या मतें औषध ‘फारच झालेल्यांना’, आणि तसल्या डॉक्टरकडे जातो तो वेडा. शब्द इंग्रजी, समजूत मात्र त्या चौकाचीच.

वास्तविक चरकसंहितेंत उन्मादाचें निदान व चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत सांगितली आहे. मन, बुद्धि, स्मृति, शील, आचार इत्यादिकांचा विभ्रम तो उन्माद. त्याचे प्रकार पांच, पैकीं चार शरीरांतील दोषांपासून होणारे. (पांचवा आगंतु; तो मीं आजींस मुद्दामच सांगितला नाहीं.)

वाचकांच्या घरींहि या वयाचें कोणी तरी असेलच. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, आयुष्यांत केव्हां तरी होणाऱ्या मनोविकारांपैकीं तीन चतुर्थांशांचा आरंभ चोविसाव्या वर्षापर्यंत झालेला आढळला. म्हणजे जें वय आपण वसतिगृहाच्या स्वाधीन करून निश्चिंत होतों, नेमकें तेंच. १९१२ सालचा कायदा वेडेपणाचा कायदा या नांवानेंच होता; २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलांत आला व त्यानें उपचाराचा आणि आजाराविषयीं गुप्तता राखली जाण्याचा हक्क दिला. वर्गांत हें कोणी सांगितल्याचें त्या मुलास आठवत नाहीं.

अखेर त्यानें एका रात्रीं १४४१६ या क्रमांकावर संभाषण केलें. टेलिमानस नांवाची ही सेवा २०२२ पासून विनामूल्य चालू आहे आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें. पलीकडून डॉक्टरास भेटण्याचा सल्ला मिळाला, तेव्हां तो एकटाच मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत जाऊन आला. मला म्हणाला, “गुरुजी, मी मानकापूरलाच उतरलों आणि पुढें पावसांत चालत गेलों. बसमध्यें आपल्या गांवचीं चार माणसें होतीं.”

दुसऱ्या खेपेस वडील बरोबर गेले. त्यांनीं मनोरुग्णालयाचीं दोन तिकिटें मागितलीं. वाहकानें विचारलें, “म्हणजे पागलखाना चौकच ना?” वडील म्हणाले, “हो, तोच. पण तिकीट मनोरुग्णालयाचें द्या.” मुलगा खिडकीबाहेर पाहत होता.

औषधाचा आतां तिसरा महिना चालू आहे. झोप लागूं लागली आहे. पुस्तकाचें पान अद्याप सावकाशच उलटतें.