थर्मोस्टॅट काढा, गाडी पळवा!

जुना ट्रक तापायला लागला की आपल्याकडे एक रामबाण उपाय आहे. "थर्मोस्टॅट काढून टाका, साहेब. तो थंड देशांसाठी असतो, आपल्या हवेत त्याचं काय काम?" झालं! पाना फिरला, थर्मोस्टॅट भंगारात, गाडी माल भरून रवाना. आणि आपण इंजिनियर मंडळी लांबून बघून 'काय जुगाड आहे राव!' म्हणून माना डोलावतो.

माझं स्पष्ट मत आहे की हा जुगाड वगैरे काही नाही. हा रिकामा कॅच ब्लॉक आहे. एरर आली, गिळून टाकली, लॉग स्वच्छ.

मुळात थर्मोस्टॅट करतो काय? तो म्हणजे मेण भरलेला एक छोटा व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना तो बंद राहतो आणि पाणी बायपासमधून इंजिनातच फिरतं. साधारण ८० अंशांच्या आसपास मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. बऱ्याच इंजिनांत तोच व्हॉल्व्ह उघडता उघडता बायपासचं तोंड बंद करतो. आता हा काढला तर? बायपास कायमचा उघडा. म्हणजे भर उन्हात, चढाला, रेडिएटरची सगळ्यात जास्त गरज असताना थोडं गरम पाणी त्याचं तोंडही न बघता परत इंजिनात! आणि सपाट रस्त्यावर, गार हवेत उलटा प्रकार. इंजिन धड तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, लायनर आणि रिंगा झिजतात. 'थंड देशांसाठी' म्हणे! इंजिनाला देश कळत नाही हो. नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा जानेवारी, त्याला त्याचं ठरलेलं तापमान लागतं.

बरं, मग गाडी तापते कशानं? इथे पाना उचलायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा असतो, जो सहसा कोणी विचारत नाही: कधी तापते?

उभी असताना, ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो? मग हवा कमी पडतेय. पंखा बघा, ढिला पट्टा बघा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि किडे बघा. ट्रॅफिकमध्ये ठीक, पण भरल्या मालानिशी खंबाटकी चढताना तापते? मग पाणी पुरेसं फिरत नाहीये, किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतल्यावर दुसरं काय होणार? घरच्या गीझरच्या कॉइलवर साचतो तोच पांढरा थर नळ्यांत साचतो आणि तो तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येतायत? मग हेड गॅसकेटवर संशय घ्या.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी ढुंकूनही बघत नाही. ते झाकण दाब धरून ठेवतं. अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब धरला तरी पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सवलत गेली. (इंजिन गरम असताना ते उघडू नका, वाफेनं हात-तोंड भाजतं.)

आणि थर्मोस्टॅटवरच संशय असेल, तर तो पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, गॅसवर ठेवा, थर्मामीटर धरा. छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला तर तो निर्दोष. नाही उघडला तर नवा टाका. काही शे रुपयांची वस्तू आहे. फासावर देण्याआधी एवढी चौकशी तरी करा!

आता कोणी म्हणेल, मेकॅनिकला अक्कल नाही का? आहे, भरपूर आहे. गाडीचा आवाज ऐकून तो जे सांगतो ते आपल्याला चार वर्षांच्या डिग्रीत कोणी शिकवलं नाही. पण त्याला पैसे कशाचे मिळतात? बदललेल्या पार्टचे आणि 'गाडी चालू करून दिली' याचे. दोन तास नुसतं तपासून "पट्टा ढिला होता, ताणून दिला" असं म्हणाला, तर मालक विचारणार, "एवढ्याचे पैसे?" मालकाचंही चुकतं असं नाही. एकच ट्रक, डोक्यावर हप्ता, माल उद्या पोचायचाय. म्हणून थर्मोस्टॅट जातो. खरा रोग आत तसाच राहतो. मग एका उन्हाळ्यात हेडला बाक येतो, इंजिन खोलावं लागतं, आणि खापर फुटतं ते ड्रायव्हरवर: "पाणी बघितलं नाहीस!"

माझा राग आहे तो या हिशोबावर. आपल्याकडे दुरुस्तीला किंमत आहे, निदानाला शून्य. एसी ऑफिसात बसून आपण 'रूट कॉज'वर तासतासभर मीटिंगा करतो, त्याचा पगार घेतो, आणि स्वतःची गाडी गॅरेजला लावली की "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणून घासाघीस करतो. जुगाडाचं कौतुक आपल्याला स्वस्त पडतं, कारण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, दोन तास द्या, नीट बघतो," तर त्या दोन तासांचे पैसे गुपचूप काढून द्या. पार्ट एकही बदलला नाही तरीही.