एक्स-रेच्या रिपोर्टातील शेवटची ओळ

पावसाळा आला की आमच्या वस्त्यांत हात मोडण्याचे प्रमाण वाढते. नळकोंडाळ्याजवळची शेवाळलेली फरशी, चाळीचा ओला जिना. पाय घसरला की माणूस हात टेकतो आणि मनगट जाते. मग एक्स-रे, प्लास्टर, सहा आठवडे गळ्यात हात. हाड जुळले की एक्स-रेचे पाकीट ट्रंकेत जाते. आमचे म्हणणे त्या पाकिटाविषयी आहे.

निरोगी रक्तवाहिनी साध्या एक्स-रेत दिसत नाही. परंतु तिच्या भिंतीत कॅल्शियम साचले की ती हाडासारखी पांढरी उमटते. मनगटाकडे जाणाऱ्या दोन बारीक पांढऱ्या रेघा, रेल्वेच्या रुळांसारख्या. रिपोर्टात खाली लिहिलेले असते, ‘व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन’. आम्ही कारकून माणसे. फायलीवर शेरा असला तर त्यावर कार्यवाही झाली की नाही हे पाहण्याची सवय. या शेऱ्यावर मात्र बहुधा कोणीच कार्यवाही करीत नाही.

वस्तीतील एका मावशींचे असेच झाले. चार घरची धुणीभांडी, बारा वर्षांची साखर. हाडाच्या डॉक्टरांनी हाड पाहिले, प्लास्टर घातले आणि पाठवून दिले. ती ओळ आमच्या नजरेस पडली तेव्हा आम्ही मावशींना मेडिसिनच्या ओपीडीत घेऊन गेलो, नवा केसपेपर काढला. ईसीजी, लघवी, क्रिएटिनिन झाले. मूत्रपिंड कमजोर होऊ लागलेले, हृदयालाही रक्त कमी पडत असलेले. जिना चढताना दम लागतो तो वयामुळे, असे त्या दोन वर्षे धरून चालल्या होत्या!

हातातील नळीचा हृदयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. जर्मन डॉक्टर म्योंकेबर्ग यांनी १९०३ साली रक्तवाहिनीच्या मधल्या थरात साचणाऱ्या कॅल्शियमचे वर्णन केले. याने नळी लगेच बुजत नाही, पण ताठ होते, आणि ताठ नळ्यांत रक्त ढकलताना हृदयाला जादा जोर लावावा लागतो. दुसरे असे की जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार केवळ हातातच काम करीत नाहीत. तेच हृदयाच्या नळ्यांतही चाललेले असते. तिथे चरबीचा थर साचून नळी बुजते, त्या थरातही कॅल्शियम असते. म्हणून ही ओळ म्हणजे हृदयविकाराचा पुरावा नव्हे, इशारा होय. ऐंशीच्या आजोबांच्या हातात दिसली तर फारसे नवल नाही. पन्नाशीच्या आत दिसली तर मात्र तपासणी टाळू नये.

नळी फार ताठ असली की दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना एक्स-रे अवश्य दाखवावा.

एक गैरसमज. तंबाखूत चुना मळला म्हणून नळीत चुना साचला, असे नव्हे. नळीच्या भिंतीतील पेशीच हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. सबब दूध, नाचणी बंद करू नये. मूत्रपिंड बिघडलेले असल्यास पथ्य डॉक्टर सांगतील. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सुरूही करू नयेत, बंदही करू नयेत. चुना निर्दोष ठरला तरी तंबाखू सुटत नाही. विडी आणि आमच्या भगिनींची मिश्रीसुद्धा हृदयाच्या वैरीच आहेत, हे कितीदा सांगावे!

हे निकडीने लिहिण्यास कारण आहे. बावन्न देशांतील ‘इंटरहार्ट’ पाहणीचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या सुमारास. सहा वर्षे आधी, म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलाचे शिक्षण अर्धे असते. त्यातून मधुमेह असणाऱ्यास छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. नुसता घाम, दम, मळमळ. अशा वेळी लिंबूपाणी देत बसू नये, १०८ ला फोन करावा.

ज्यांच्या ट्रंकेत असे पाकीट असेल त्यांनी ते काढून ठेवावे. रविवारी सकाळी आम्ही विहारात असतो. इंग्रजीतील ओळ वाचून सांगू, ओपीडीचे वार आणि वेळ सांगू, एकट्या बाईसोबत कोणी जायला हवे असेल तर महिला मंडळातून सोबत देऊ. औषध मात्र डॉक्टरांनीच सांगायचे.