दहा लिटरांचा समुद्र आणि त्याची जबाबदारी

नवी मुंबईत सीवूड्सच्या सदनिकांतून हल्ली खाऱ्या पाण्याची जी इवली काचपात्रे दिसू लागली आहेत, त्यांना ‘नॅनो’ म्हणावे की ‘पिको’, याविषयी शौकिनांत जो वाद चालतो तो वरकरणी केवळ लिटरांचा आहे. कोणी शंभर लिटरांच्या आतले सारे नॅनो मानतात, कोणी वीस लिटरांच्या खाली उतरल्यावाचून पिको हा किताब बहाल करायला राजी होत नाहीत, आणि दुकानदार तर टेबलावर मावेल ते नॅनो, एवढ्या एकाच सूत्रावर आपला व्यवहार उरकून घेतात. या मापांना ना शास्त्राचा आधार आहे, ना कोणत्या सरकारी दप्तराचा. माझे म्हणणे असे की, पात्र किती लहान हे ठरविताना काचेची लांबी-रुंदी मोजीत न बसता, आतले पाणी मालकाची किती हयगय सोसू शकते हे पाहावे. आणि लहानपणाच्या सबबीवर जी सूट मागितली जाते ती रसायनशास्त्रही देत नाही आणि कायदाही देत नाही, हे पात्र घरी आणण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लिटरांच्या पात्रात साडेतीनशे ग्रॅम. वैशाखात दिवाणखान्यातला पंखा अखंड फिरत असता त्यातले अर्धा लिटर पाणी उडून गेले, तर मीठ मात्र जागच्या जागी राहते आणि उरलेल्या पाण्याची क्षारता सदतिसाच्या घरात जाते. एक लिटर उडाले तर ती एकोणचाळिसाला टेकते. तेच एक लिटर दोनशे लिटरांच्या टाकीतून गेले असते तर क्षारतेत पाव ग्रॅमाचाही फरक पडला नसता. म्हणून जाणता शौकीन काचेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवतो, पाणी तिच्याखाली उतरले की आरओचे गोडे पाणी ओततो, आणि झाकणाच्या कडेला साचणारी पांढरी खपली बोटाने निपटून टाकतो. नवखा मनुष्य येथे हटकून खारे पाणीच ओततो, कारण पात्र खाऱ्याचे आहे एवढेच त्याच्या मनात ठसलेले असते. उष्णतेचेही तसेच. प्रवाळादी जीवांना 24 ते 27 अंश मानवतात, आपल्याकडे मे महिन्यात घरातली हवा तीस ओलांडून जाते. पंख्याने पाणी थंड करावे तर बाष्पीभवन वाढते, आणि चिलर घ्यावा तर तो पात्राहून महाग पडतो. गणपतीला कोकणात गेलेल्या कुटुंबाच्या बंद घरात मागे जे पात्र राहते, त्याचे काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

समुद्र उंबऱ्याशी असताना बादलीभर पाणी आणण्यास काय हरकत, असे कोणी विचारील. पाम बीच रस्त्यापलीकडे कांदळवने आहेत आणि त्यांच्यापुढे खाडी आहे. पण ती गाळाची, पावसाळ्यात गोड्या पाण्याने पातळ होणारी आणि शहराचे सांडपाणी पोटात घेणारी आहे. फ्लेमिंगोंना ती मानवते, प्रवाळाला नाही. उरणच्या मिठागरातले मीठही येथे कामाचे नाही, कारण त्यात मुख्यत्वे सोडियम क्लोराइड असते, तर प्रवाळवर्गीय जीवांना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट यांचा मेळ ठराविक प्रमाणात लागतो. तेव्हा समुद्रकाठच्या या वसाहतीत समुद्र डब्यातून विकत आणून आरओच्या पाण्यात कालवावा लागतो.

माशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. 2003 सालच्या त्या प्रसिद्ध चित्रपटापासून मुलांना ‘निमो’, म्हणजे क्लाउनफिश, हवा असतो, आणि दुकानदार दहा लिटरांच्या पात्रात तो सोडूनही देतो. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो. त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पात्रात स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, आणि तोवर इतक्या अल्प पाण्यात त्या जीवाची घुसमट होते. क्लाउनफिशच्या जोडीला पाऊणशे लिटरांखाली ठेवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात याच माशाच्या बीजोत्पादनाचे काम हाती घेतले गेले, ही समाधानाची गोष्ट. पण हौदात जन्मलेला मासा म्हणून त्याला दहा लिटर पुरतात असे नव्हे. माझ्या मते ज्या पात्रात मासा ठेवता येत नाही ते अतिलघू, आणि त्यात एखादी समुद्री गोगलगाय, एखादा शंखातला खेकडा आणि कायद्याच्या यादीत नसलेले मऊ जीव एवढ्यांवरच समाधान मानावे.

यादीचा उल्लेख आला तो सहेतुक. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली भित्ती रचणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे दाखल झाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांची पंगत वाघाशेजारी आहे. असे असता काचेमागे निळ्या दिव्याखाली जो कठीण प्रवाळाचा तुकडा ‘फ्रॅग’ या गोंडस नावाने हातोहात जातो, त्याचा मालक ‘एवढासा तर आहे’ असे म्हणतो. या युक्तिवादाला मुंबईनेच उत्तर देऊन ठेवले आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळाच्या अठरा वसाहती आढळल्या. त्यांनी व्यापलेली जागा सारी मिळून अर्धा चौरस मीटरही नव्हती, कॅरमच्या पटावर सहज मावली असती. तरीही 2020 साली त्या हलविण्यासाठी राज्याच्या वनखात्याची आणि केंद्राची रीतसर मंजुरी घ्यावी लागली, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ पाचारावे लागले. हजारो कोटींच्या रस्त्याला जी मुभा अर्जावाचून मिळाली नाही, ती दिवाणखान्यातल्या तिपाईला कोणत्या न्यायाने मिळावी?

अर्थात शौक मुळातच निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी 1961 साली जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर भित्तीतले जीव जगविण्याची रीत जगापुढे मांडली, त्यातून या छंदाने पुष्कळ शास्त्र शिकविले. ज्याला खरी भित्ती पाहायची त्याने मालवणचे 1987 सालचे सागरी अभयारण्य गाठावे; मरीन ड्राइव्हवरचे 1951 सालचे तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षे बंदच आहे, आणि सार्वजनिक पात्र ओस पडावे व खाजगी पात्रे वाढत जावीत यातली विसंगती आपल्या कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, हे मात्र मला खुपते.

तूर्त ग्राहकाच्या हाती एवढी तजवीज आहे: दगड आणि वाळू वजा जाता पात्रात प्रत्यक्ष किती लिटर पाणी राहते ते दुकानदाराकडून लिहून घ्यावे, आणि पावतीवर प्रत्येक जीवाचे शास्त्रीय नाव व तो कोठून आला हे मागावे. जो दुकानदार ‘सॉफ्ट कोरल, मिक्स’ एवढेच लिहून पावती पुढे सरकवील, त्याच्याकडून रिकामे पात्रसुद्धा घेऊ नये.