जार काढणारा उघडा हात

रात्री साडेअकराला फोन वाजतो. "डॉक्टर, गाय गाभडली हो. सातवा महिना होता. सकाळपासून जार लोंबतोय, पडायचं नाव नाही." आपण गाडीला किक मारतो. गोठ्यात एक मिणमिणता दिवा, शेतकऱ्याचा पोरगा मोबाइलची बॅटरी धरून उभा. खांद्यापर्यंतचे हातमोजे दवाखान्यात राहिलेले असतात, नाहीतर संपलेले असतात, आणि असले तरी त्यातून बोटांना काही कळत नाही म्हणून आपण ते घालत नाही. बाही वर सारायची, साबण चोळायचा, हात आत. एकेक गाठ चाचपत जार सोडवायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी तो थपकन घमेल्यात पडतो. तोंडावर उडालेला शिंतोडा दंडाला पुसायचा. घरची बाई गरम पाणी आणते, मागोमाग चहा. त्याच हाताने कपबशी धरायची.

मी हे बावीस वर्षं केलं. त्यातली पहिली अकरा वर्षं उघड्या हाताने.

अकराव्या वर्षी पावसाळ्यात तापाने धरलं. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा, रात्री चादर पिळून काढावी इतका घाम. कंबर अशी धरली की दुचाकीवर बसवेना. डॉक्टरांनी आधी मलेरिया पाहिला, मग टायफॉइडची औषधं दिली, दोन वेळा. जरा बरं वाटायचं आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. नऊ किलो वजन गेलं. शेवटी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा एक वर्गमित्र भेटायला आला आणि म्हणाला, "गाईचं रक्त तपासतोस, स्वतःचं कधी तपासलंस का?" त्याने माझं रक्तजल नेलं, मीही सोबत गेलो. पांढऱ्या फरशीवर एक थेंब रक्तजलाचा, शेजारी एक थेंब रोझ बेंगॉल अँटीजेनचा. काडीने ढवळायचं आणि चार मिनिटं फरशी हलकेच डोलवत राहायची. किती गाईंसाठी हे केलं असेल, मोजदाद नाही. त्या दिवशी गुलाबी थेंबात बारीक दाणे धरू लागले आणि मला ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पुढे नळीतली चाचणीही तेच बोलली. ब्रुसेलोसिस. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. ताप गेला. कंबर थंडीत अजूनही बोलते.

ज्यांनी टायफॉइडची औषधं दिली त्यांच्यावर माझा राग नाही. तापाची तऱ्हाच तशी असते. पण तीन महिन्यांत एकाही खोलीत मला कुणी विचारलं नाही की तुम्ही काम काय करता. मीही सांगितलं नाही. गाभडलेल्या गाईंच्या मालकांना मी हाच रोग समजावून सांगत होतो आणि स्वतःच्या तापाशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. म्हणून या सदराच्या वाचकांना, म्हणजे बहुतेक माझ्याच व्यवसायातल्या मंडळींना, आधी एवढंच सांगतो: आठवड्याहून जास्त ताप रेंगाळला तर डॉक्टरसमोर बसताना पहिलं वाक्य 'मी जनावरांची बाळंतपणं करतो' हे असू द्या. रक्त कल्चरला जाणार असेल तर प्रयोगशाळेलाही ते कळलं पाहिजे, कारण हा जीवाणू सावकाश वाढतो आणि बेसावध प्रयोगशाळेत तिथल्या माणसांनाही लागतो.

ब्रुसेला ॲबॉर्टसला जार का आवडतो, हे आपण तिसऱ्या वर्षात शिकलो आणि विसरलो. गाभण गाईच्या जारात आणि गर्भजलात एरिथ्रिटॉल असतं आणि हा जीवाणू त्यावर पोसला जातो. त्यामुळे त्याची दाट वस्ती तिथेच होते. पाच महिन्यांपुढे गाभडलेल्या गाईचा जार हे त्या जनावरातलं सर्वांत घातक ठिकाण. हातावरचा गवताचा एखादा ओरखडा, डोळ्यात उडालेला थेंब, गोठ्यातल्या हवेतला तुषार, यांतली कोणतीही वाट त्याला चालते. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय घरात येत नाही; आई-आजीच्या या एका सवयीने शहरं बऱ्याच अंशी वाचली. गोठ्यात वावरणाऱ्यांना असा आडोसा नाही: धार काढणारा, शेण भरणारी बाई, कृत्रिम रेतन करणारा तरुण, आपण. शेळ्या-मेंढ्यांत तर ब्रुसेला मेलिटेन्सिस असतो, तो माणसाला याहून कठोरपणे झोडपतो, आणि धनगराच्या वाड्यावर करडाचं तोंड साफ करायला हातमोजे कुणी नेत नाही.

मुळात तो हात आत जायलाच हवा का? जार ओढून काढल्याने गर्भाशयाला जखमा होतात, सूज येते, गाय पुढे वेळेवर गाभण राहत नाही. प्रजननशास्त्राची पुस्तकं हे कधीपासून सांगताहेत. लोंबणारा भाग कापायचा, ताप आणि भूक यांवर लक्ष ठेवायचं, ताप आला तर प्रतिजैविक द्यायचं. बहुतेक जार आठवडा-दहा दिवसांत कुजून आपोआप पडतो. हे सगळं ठाऊक असूनही आपण हात घालतो, कारण गावात डॉक्टरची परीक्षा जारावरच होते. 'त्यांना काढता आला नाही' असं एकदा पसरलं की पुढचा फोन दुसऱ्याला जातो. दहा दिवस गोठ्यात वास मारत राहणारा जार मालकाला सहन होत नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? दूध डेअरीला जातं, घर शेजारी आहे. पण ही समजूत आपणच वर्षानुवर्षं हात घालून पक्की केली आहे, आणि ती मोडायची तर पुरा तालुका एकमुखाने बोलला पाहिजे. एकटा डॉक्टर बोलला तर त्याचीच प्रॅक्टिस बुडते.

आता लसीकडे वळतो. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस, दोन्ही मिळून पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये, सगळा भार केंद्राचा, २०३० पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट. ब्रुसेलोसिसची बाजू कागदावर सोपी आहे: ४ ते ८ महिन्यांच्या प्रत्येक कालवडीला आणि पारडीला आयुष्यात एकदा एस-१९ लस. नरांना नाही, कारण त्यांच्या वृषणांना सूज येते. गाभण जनावराला नाही, कारण लसच गर्भपात घडवू शकते. मोठ्या कालवडीला दिली तर प्रतिपिंडं रक्तात राहून जातात आणि पुढे चाचणीत लसीची गाय कोणती, रोगाची कोणती, हे ओळखू येत नाही.

म्हणजे खिडकी चार महिन्यांची. लसीकरणाच्या दोन फेऱ्यांमध्ये चार महिन्यांहून जास्त अंतर पडलं की मधल्या काही कालवडींची खिडकी कायमची बंद होते, यात अंदाजाचा भाग नाही, साधं गणित आहे. गावात फेरी एकदा मार्चमध्ये आली आणि मग थेट जानेवारीत, तर मार्चमध्ये दोन महिन्यांची असलेली कालवड जानेवारीत बारा महिन्यांची झालेली असते. तिच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, नोंद असते, लस नसते. लाळ्या-खुरकुतासारखी सामूहिक मोहीम या लसीला चालणारच नाही. तिला घरोघरचा जन्म-हिशेब लागतो: कोणाकडे कधी वासरू झालं, चौथा महिना कधी भरतो. हे काम गावातला पशुधन पर्यवेक्षक करू शकतो, त्याच्याकडे पाच-सहा गावांऐवजी दोन-तीन असतील तर. रिकाम्या जागा भरल्याशिवाय २०३० चं नाव घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि ती लसही जिवंत आहे. १९२३ मध्ये जॉन बक या अमेरिकन संशोधकाने एका जर्सी गाईच्या दुधातून हा जीवाणू वेगळा केला आणि ती नळी वर्षभर खोलीच्या तापमानात पडून राहिली. तेवढ्यात त्याचा दात बोथट झाला, गाईपुरता. माणसाच्या अंगात तो आजही रोग करतो. शिबिरात कालवड उसळी मारते आणि सुई आपल्याच अंगठ्यात जाते, हे ज्याच्या बाबतीत कधीच घडलं नाही असा सहकारी मला अजून भेटायचा आहे. कुपी फोडताना, विद्रावक भरताना तोंडावर तुषार येतो. अशा वेळी जखम साबणाने धुवायची, डोळे भरपूर पाण्याने धुवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. एस-१९ च्या अपघातानंतर २१ दिवस डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन देण्याची पद्धत आहे. लसीच्या शीतपेटीत ही सूचना मराठीत छापून असावी, सोबत चष्मा आणि हातमोजे असावेत. लसीवर एवढा पैसा खर्च होतो, त्यात या गोष्टींचा भार जाणवणारही नाही.

सर्वांत अवघड प्रश्न चाचणीनंतरचा आहे, आणि त्यावर आपण सगळेच मान खाली घालतो. ऑस्ट्रेलियाने हा रोग १९८९ पर्यंत देशातून घालवला तो तपासणी, बाधित जनावर काढून टाकणं आणि मालकाला भरपाई, अशा मार्गाने. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यापासून बंद आहे आणि तो मार्ग आपल्याला खुला नाही. त्यावरचा वाद मला इथे घालायचा नाही. आहे त्या कायद्यात काय करता येईल तेवढंच बोलतो. औंधच्या रोग अन्वेषण विभागातून अहवाल आला, गाय बाधित. मालकाकडे चार गाई आहेत, पैकी ही सर्वांत दुधाची. वेगळी बांधायला जागा नाही. भरपाई हातात पडण्याची त्याला आशा नाही. मग तो काय करतो? येत्या बाजारात तिला विकतो. रोग दुसऱ्या तालुक्यात पोचतो, आणि तिकडचा डॉक्टर रात्री साडेअकराला उघडा हात आत घालतो. पुढच्या वेळी हाच मालक रक्त घेऊ देत नाही. २००९ च्या पशुरोग कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे, कळवण्याचं बंधन आहे. पण कळवल्यावर ज्याचं फक्त नुकसानच होतं तो कळवेल कशाला?

माझं मत असं की बाधित गाईची नुकसानभरपाई आणि तिला आजन्म सांभाळणारी, इतर जनावरांपासून तोडलेली, सरकारी देखरेखीखालची जागा या दोन्ही गोष्टी सोबतच हव्यात. गोशाळांना अनुदान मिळतं, त्यातल्या काहींना कुंपण, वेगळं पाणी आणि प्रशिक्षित माणूस देऊन हे काम सोपवता येईल. आज मात्र बाधित गाय आणि निरोगी गाय एकाच गोशाळेत एकाच हौदावर पाणी पितात.

राहिला आपला, हात घालणाऱ्यांचा प्रश्न. पशुवैद्यकीय कामातून लागणारे संसर्गजन्य रोग हे व्यवसायजन्य रोग आहेत, हे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतच लिहिलं गेलं. पण रोग कागदावर येण्यासाठी आधी रक्त तपासलं पाहिजे. खात्यातल्या प्रत्येक पशुधन विकास अधिकाऱ्याचं, पर्यवेक्षकाचं, परिचराचं रक्त वर्षातून एकदा तपासा. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गाईसाठी असलेली फरशी आणि अँटीजेन प्राथमिक छाननीला पुरतं. आणि यात खाजगी रेतन करणाऱ्या पोरांना धरा. ते कुणाचेच कर्मचारी नाहीत, त्यांच्यासाठी कोणतीच अनुसूची नाही, आणि गावात सर्वांत जास्त वेळा हात घालतात तेच.

मागच्या बुधवारी एका वस्तीवर गेलो होतो. पहिल्या वेताची गाय, सहाव्या महिन्यात गाभडलेली. सोबत नवा मुलगा, गेल्याच वर्षी पदविका झालेला. त्याने न सांगता दोन्ही हातांना मोजे चढवले, वरून रबराचे आखूड मोजे घातले, चष्मा लावला. मालकाने विचारलं, "जार काढणार ना?" मुलगा म्हणाला, "नाही काका, लोंबतोय तेवढा कापतो. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघू. तुमची गाय पुढच्या वर्षी गाभण राहायला हवी ना?" मालक गप्प बसला, पटलं असं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. रक्ताचा नमुना मात्र घेऊ दिला.

मेलेला गर्भ आणि कापलेला जार पोत्यात भरून वडाला टांगायची तयारी म्हाताऱ्याने केली होती. तसं केलं की गाय दूध भरपूर देते अशी समजूत. वडाखाली कुत्री आधीच येऊन बसली होती. मी काही बोलायच्या आत घरच्या सुनेने कुदळ आणली. तिने ओट्यापासून दूर, विहिरीच्या उताराच्या उलट बाजूला खणायला घेतलं. मांडीएवढं झाल्यावर थांबली आणि विचारलं, "कुत्री उकरतील का एवढ्यात?" मी म्हणालो, कमरेएवढा हवा. तिने आणखी खणलं, दिवाळीत भिंतींना लावून उरलेल्या चुन्याची पिशवी आतून आणली, मुलाकडून मोज्यांचा एक जोड मागून घेतला आणि मग पोत्याला हात लावला.