भाराभर चिंध्या कोणाच्या?

पदार्थविज्ञानाचा एखादा तरुण अभ्यासक संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागला आणि वर मराठीतून विज्ञानलेखही लिहू लागला, की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून मोकळी होतात. हा आरोप आम्हांस मुळातच अमान्य आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहर टिपली. सेकंदाच्या अंशभर टिकलेली ती खूण यंत्रांच्या गोंगाटातून निवडून काढली संगणकाने. लहरींचे संभाव्य आकार गणिताने आधी मांडून नोंदींशी ताडून पाहण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षे आधीपासून मूलभूत काम केले होते. यात पदार्थविज्ञान कोठे संपले आणि आज्ञावली कोठे सुरू झाली?

उरले लेखन. ‘आयुका’चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर, बनारसच्या मराठी घरात वाढले. विश्वरचनाशास्त्रात कीर्ती मिळाल्यावर १९७४ मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस चक्क टोपणनावाने धाडली. ती पहिली आली. त्या चिंध्या होत्या काय?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’स केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ते यंत्र काय ऐकणार, हे तेथील शेतकऱ्यास मराठीत कोण सांगणार? जन्मभर शासकीय टिपणे लिहिलेले आम्ही?

आमच्या मंडळाच्या निबंधस्पर्धेत यंदाही विज्ञानाचा विषय नाही. पुढील वर्षी तो ठेवावा, अशी आमची मागणी आहे. परीक्षक मिळत नाहीत, ही सबब आम्ही ऐकणार नाही.